डिलीट केलेलं परत येतं का?

सरकारी गुन्हे प्रयोगशाळेत फोन आणि कॉम्प्युटर तपासते, असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग डिलीट केलेलं सगळं परत येतं का हो?" विचारणारा हसत असतो, पण हात नकळत खिशातल्या फोनवर गेलेला असतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कधी येतं, कधी येत नाही, आणि पूर्वीपेक्षा आता बरंच कमी येतं. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट करणं म्हणजे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतली ओळ खोडणं. धडा जागच्या जागी असायचा, त्या पानांवर दुसरं काही छापलं जाईपर्यंत वाचता यायचा. एसएसडीत, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, मात्र ट्रिम नावाची सोय असते. ही जागा आता नको, असं ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कला कळवते आणि डिस्क सवडीने ती पुसून टाकते. आताच्या फोनमध्ये तर सगळा डेटा एनक्रिप्टच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असतो. फॅक्टरी रीसेट केलं की त्याची किल्लीच नष्ट होते, आणि मग मी कितीही रात्री जागवल्या तरी काही हाती लागत नाही.

पण माणूस एका जागचं पुसतो आणि यंत्राने चार जागी टिपून ठेवलेलं असतं. फोटो जातो, त्याचं थंबनेल, म्हणजे छोटी प्रत, राहतं. मेसेज जातो, पण ॲप आपल्या नोंदी ज्यात ठेवतं त्या एसक्यूलाइट डेटाबेसमधल्या मोकळ्या पानांत त्याचे तुकडे कधीकधी सापडतात. पेन ड्राइव्ह फेकून दिला तरी तो जोडल्याची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत नोंदवहीत, असते.

असाच एक प्रश्न अमेरिकेतल्या विचिटा शहरात एका खुन्याने पोलिसांना विचारला होता. दहा खून करून वर्षानुवर्षं मोकळा फिरणाऱ्या डेनिस रेडरला फ्लॉपी पाठवायची होती, आणि तिच्यावरून आपला माग लागेल का, हे त्याने पत्रातून पोलिसांनाच विचारलं! काही हरकत नाही, असं उत्तर त्यांनी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून दिलं. 2005 मध्ये फ्लॉपी आली. तिच्यात डिलीट केलेली एक वर्ड फाइल होती. फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबत आपोआप साठणाऱ्या माहितीत, एका चर्चचं नाव होतं, आणि ती शेवटची बदलणाऱ्याचं नाव 'डेनिस'. काही दिवसांतच तो सापडला.

असे दिवस माझ्या वाट्याला आलेले नाहीत. माझा बराचसा वेळ वाट बघण्यात जातो. मुद्देमाल आला की आधी सील बघायचं, फोटो काढायचे, मग डिस्क राइट ब्लॉकरला जोडायची, म्हणजे आमच्याकडून तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जात नाही. तिची बिट-न्-बिट प्रत काढायची, दोन्हींची हॅश, म्हणजे सगळ्या डेटावरून गणिताने काढलेला ठसा, जुळवायची. एसएचए-256 या पद्धतीने काढलेली हॅश 64 अक्षरांची असते, आणि डिस्कवरचा एखादा बिट जरी बदलला तरी ती ओळखू न येण्याइतकी पालटते. जुळली की मूळ डिस्क पुन्हा सीलबंद होते. पुढचं सगळं काम प्रतीवर.

फोनचं दुखणं निराळं. कुणी दुरून पुसू नये म्हणून तो सिग्नल अडवणाऱ्या फॅरडे पिशवीत येतो, आणि आत नेटवर्क शोधून शोधून बॅटरी संपवून बसतो. एकदा अनलॉक झालेला, चालू असलेला फोन आणि बंद पडलेला फोन यांत आमच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. बंद पडला की किल्ल्या मेमरीतून जातात, मग पासकोडशिवाय फार थोडं मिळतं. चार्जर जोडून फोन जिवंत आणणाऱ्या तपास अधिकाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

वेळेची तर वेगळीच गंमत. फोनमधलं घड्याळ म्हणजे आतून एक मोठा आकडा असतो. बहुतेक ठिकाणी सेकंद 1 जानेवारी 1970 पासून मोजतात, ॲपलच्या बऱ्याच नोंदींत 1 जानेवारी 2001 पासून. गल्लत झाली तर घटना 31 वर्षं सरकते. अशी चूक लगेच दिसते, म्हणून तिची भीती नाही. टाइम झोन धरायला विसरून झालेली काही तासांची चूक कुणाच्या नजरेत येत नाही, आणि आरोपी तेव्हा कुठे होता हे नेमकं त्याच तासांवर ठरणार असतं.

माझ्या पहिल्या अहवालात मी लिहिलं होतं, 'आरोपीने रात्री फाइल डिलीट केली.' वरिष्ठ मॅडमनी 'आरोपीने' या शब्दाभोवती लाल गोल काढून विचारलं, "तू होतीस तिथे?" मी वाक्य बदललं: 'या यूझर अकाउंटवरून फाइल डिलीट झाली.' वाचायला रूक्ष, पण मला दिसलं होतं ते एवढंच. ब्राउझरच्या कॅशमध्ये, म्हणजे उघडलेल्या पानांच्या तात्पुरत्या साठ्यात, चित्र सापडलं म्हणून ते कुणी पाहिलंच असं म्हणता येत नाही. पान उघडल्यावर खाली, स्क्रीनच्या बाहेरही ते उतरलेलं असू शकतं.

पुढे एका खटल्यात सरकारी वकिलांनी विचारलं, "मेसेज आरोपीनेच पाठवला ना?"

"या फोनवरून गेला. तेव्हा फोन अनलॉक होता."

"म्हणजे आरोपीनेच?"

"फोन कुणाच्या हातात होता ते फोन सांगत नाही, साहेब."

त्यांनी मान खाली घालून कागद चाळले. मला आणखी काही विचारलं नाही.