आमची वाटचाल: बेंड पाईपपासून मॅपपर्यंत

पांढरकवड्याजवळ नॅशनल हायवे ४४ ला लागून आमचं शेड आहे. नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या आणि काश्मीर-कन्याकुमारी करणाऱ्या टूरिंग गाड्या याच रस्त्याने जातात. सुरुवात ट्रॅक्टरचे सायलेन्सर आणि बुलेटचे बेंड पाईप (इंजिनच्या हेडपासून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाईप) वेल्ड करण्यापासून झाली. पुढे कार्बेटर आले, मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. मधली वर्षं सरळ गेली, त्यांच्यावर लिहायला फार काही नाही. लिहायचं आहे ते २०२० नंतरच्या दोन हंगामांबद्दल, कारण तेव्हा आमच्यावर आलेला आळ अजूनही पुरता धुतला गेलेला नाही.

त्याआधी आमच्या पहिल्या भागीदाराबद्दल. सगळे त्यांना लेथवाले भाऊ म्हणतात. आमच्याकडे वाइडबँड लॅम्डा मीटर (धुरातून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) आला तेव्हा सेन्सरला बसायला बंग, म्हणजे पाईपवर वेल्ड करायची आट्यांची गोल बैठक, लागायचा, आणि बाजारात मिळायचा तो साध्या लोखंडाचा, दोन पावसाळ्यांत गंजून सेन्सरसकट जाम व्हायचा. भाऊंनी २८ मिमीच्या एसएस ३०४ राउंड बारमधून बंग काढून दिले, एम १८, १.५ पिच. वेल्डिंगच्या उष्णतेने आटे आवळतात, म्हणून वेल्ड झाल्यावर पुन्हा टॅप फिरवायचा हेही त्यांनीच लावून दिलं. आजही प्रत्येक बंगमध्ये सेन्सर आधी हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. पाना लावावा लागला तर तो बंग आम्ही बाद करतो.

आमच्या कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी एक्झॉस्ट, मग हवा, शेवटी पेट्रोल. हा क्रम मोडला की पैसे दोनदा लागतात, कारण पाईप किंवा फिल्टर बदलला की त्याआधी केलेला मॅप, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता, निकामी.

एक्झॉस्टमध्ये लोक पहिली चूक करतात ती जाड पाईपची. पाईप जाड झाला की गॅसचा वेग पडतो, आणि अडीच ते साडेतीन हजार आरपीएमला ओढ मरते. टूरवाला माणूस सामान आणि मागची सवारी घेऊन दिवसभर त्याच पट्ट्यात चालवतो. वर सात हजाराला थोडी पॉवर मिळाली तरी त्याला तिचा काय उपयोग? आम्ही कंपनीच्या बेंडचा व्यास तोच ठेवतो, एसएस ३०४ ची १.२ मिमी जाडीची नळी, ३०८ एलची रॉड, आर्गन वेल्डिंग. नळीच्या आतूनही आर्गन सोडावा लागतो. तो वाचवला की जोड बाहेरून चांदीसारखा दिसतो आणि आतून दाणेदार, काळा, जळका निघतो. तडा तिथूनच सुरू होतो.

जोडणी करताना सगळं सैल ठेवा. हेडच्या पोर्टला दरवेळी नवी गॅस्केट, नट हाताने, हँगरचे बोल्ट सैल, मग सायलेन्सर आपोआप जिथे बसतो तिथे बसू द्या आणि पोर्टकडून मागे येत घट्ट करा. आधी मागचा बोल्ट आवळला तर अख्खा बेंड ताणात राहतो आणि हँगरजवळ फुटतो. हँगरला रबर बुश नसेल तर फुटणारच, वेल्डर कोणीही असो. शंभर किलोमीटर चालल्यावर इंजिन थंड असताना पोर्टचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासतो.

लीक तपासायला मोठं मशीन लागत नाही. सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी गुंडाळून ब्लोअर लावा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडा दिसला की लीक. सेन्सरच्या पुढे, म्हणजे हेडच्या बाजूला लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला गाडी लीन (पेट्रोल कमी) वाटते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवत जातो. ग्राहक म्हणतो ॲव्हरेज पडलं, प्लग काळा येऊन राहिला. तो इंजेक्टर बदलतो, पंप बदलतो, आणि दोष असतो साध्या गॅस्केटचा. थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येत असेल तर आधी हाच जोड पाहा.

बीएस-६ च्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग, थोडक्यात कॅट) कुठे आहे, बेंडमध्ये की सायलेन्सरच्या तोंडाशी, हे सुरू करण्याआधी पाहावं लागतं. आम्ही कॅट काढत नाही. कितीही आग्रह झाला तरी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज आणि प्रदूषणाचा दंड दहा हजारांपर्यंत जातो आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. तो भुर्दंड ग्राहकाच्या माथी मारून आपण मोकळं व्हायचं, हे आम्हाला पटत नाही. आमच्या सायलेन्सरमध्ये छिद्रांची नळी, तिच्यावर स्टील वूल आणि मग सिरॅमिक वूल असतं. वूल जळून गेलं की आवाज पोकळ होतो. त्याला लोक ‘सायलेन्सर खुलला’ म्हणतात. खरं तर पॅकिंग बदलायची वेळ झालेली असते.

हवेच्या बाबतीत आपला भाग वेगळा आहे. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, जिनिंगच्या आसपासचा रस्ता पांढरा होतो, आणि कापसाचा तंतू एअरबॉक्सच्या तोंडावर गादीसारखा बसतो. त्याच्या खाली काळ्या मातीची बारीक धूळ. कोन फिल्टर उघडा लावला की हे सगळं थेट थ्रॉटलकडे जातं. शिवाय तो इंजिनच्या मागे, गरम हवेत बसतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना तिथली हवा ७० अंशांवर गेली, तर हवेची घनता सुमारे सात टक्के कमी होते. म्हणजे पैसे देऊन पॉवर घालवली. आम्ही कंपनीचा एअरबॉक्स ठेवतो, त्याचं तोंड साफ आणि मोकळं करतो, फिल्टर चांगल्या कागदाचा किंवा तेलाचा कॉटन. कागदाचा फिल्टर आतून बाहेर, कमी दाबाच्या हवेने झटका. तेलाचा फिल्टर धुऊन सावलीत सुकवा. कंप्रेसर मारला की जाळी फाटते. तेल पसरायला वीसेक मिनिटं द्या. फिल्टरच्या कडेला ग्रीसचं पातळ वेटोळं लावा आणि पाचशे किलोमीटरनंतर फिल्टरच्या इंजिनकडच्या बाजूने पांढरं फडकं फिरवा. फडकं मळलं तर फिल्टर नीट बसलेला नाही. थ्रॉटल बॉडीच्या रबरी बूटला भेग असेल तर पुढे काही करू नका. आयडलला बूटभोवती कार्ब क्लीनर मारा. आरपीएम हलला की भेग आहे.

आता ती गोष्ट.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, आणि नेमकं तेव्हाच टाळेबंदीने हायवे सुना पडला. टूरिंग बंद, काम बंद. रस्ता पुन्हा वाहू लागला तेव्हा जिल्ह्यात एक नवं दुकान उभं राहिलं होतं. नाव घेत नाही. त्यांनी आमच्या एका ग्राहकाच्या फ्युएल कंट्रोलरमधून (ईसीयूने ठरवलेलं पेट्रोल कमी-जास्त करणारा डबा) आमचा मॅप उतरवून घेतला आणि येईल त्या ६५० ट्विनमध्ये (रॉयल एनफिल्डची दोन सिलेंडरची गाडी) घातला. तो मॅप आमच्या बेंडसाठी आणि कंपनीच्या एअरबॉक्ससाठी होता. त्यांनी वर कोन फिल्टर बसवले आणि खाली उघडे सायलेन्सर. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. भर मे महिन्यात त्यातली एक गाडी आदिलाबादच्या अलीकडे बंद पडली, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला. मालकाला सांगण्यात आलं की मॅप पांढरकवड्याचा आहे. ते खरंच होतं, आणि त्यामुळेच ते खोडणं अवघड गेलं. नागपूरकडचं बुकिंग आठ दिवसांत थांबलं. दोन पोरांना घरी बसवावं लागलं, आर्गनचा सेट गहाण गेला.

त्या वेळी वणीचे एक सर उभे राहिले. त्यांच्या इंटरसेप्टरचं (तीही ६५० ट्विनच) सगळं काम आमच्याकडेच होतं. ते गाडी घेऊन आले आणि म्हणाले, “भाऊ, बोलून काही होत नाही. माह्या गाडीवर मोजून दाखवा, मी सगळ्याइले पाठवतो.”

मोजणी अशी केली. तोच मॅप, तेच पेट्रोल, तोच रस्ता करंजीपर्यंत, मागे माणूस बसवून चौथा गियर, चार हजार आरपीएमला पूर्ण थ्रॉटल, प्रत्येक जोडणीच्या तीन फेऱ्या. वाइडबँड सेन्सर बेंडवर, पोर्टपासून साधारण दीड फुटावर, आडव्यापेक्षा दहा अंशांहून जास्त वर तोंड करून, म्हणजे साचलेलं पाणी सेन्सरमध्ये उतरत नाही. आमच्या जोडणीवर लॅम्डा ०.८७ आला (१ म्हणजे नेमकं प्रमाण, त्याखाली रिच म्हणजे पेट्रोल जास्त, वर लीन). एअरबॉक्स काढून कोन फिल्टर लावला, ०.९३. त्यावर उघडा सायलेन्सर लावला आणि मीटर ०.९८ ला गेला. एअर-ऑइल कूल्ड इंजिन, ४५ अंशांची हवा, पूर्ण लोड आणि ०.९८: पेट्रोलमुळे मिळणारा थंडावा संपतो आणि व्हॉल्व्हला ती उष्णता सोसत नाही. त्या फेऱ्या आम्ही काही सेकंदांच्याच ठेवल्या. सरांनी तिन्ही ग्राफ ग्रुपवर टाकले. हळूहळू माणसं परत आली. त्या दुकानाकडून मात्र आजवर एक शब्द आलेला नाही, आणि आमचा जुना मॅप अजूनही त्यांच्याकडून विकला जातो.

म्हणून कोणाचाही मॅप उसना घेऊ नका, आमचाही. कंट्रोलरमध्ये एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल असा तक्ता असतो. दहा ते वीस टक्के थ्रॉटलचा क्रूझचा भाग ईसीयू स्वतःच्या सेन्सरवरून लॅम्डा १ ला धरून ठेवतो. तिथे तुम्ही पेट्रोल घातलं की तो काढून घेतो, ही ओढाताण करू नका. वरच्या भागात, जिथे ईसीयू सेन्सरकडे पाहत नाही, तिथे दोन-तीन टक्क्यांच्या पायरीने चला. आमच्या उन्हाळ्यासाठी पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.८७ ठेवतो, त्याखाली नाही. फार रिच झालं तर पेट्रोल सिलेंडरची भिंत धुतं आणि ऑइल पातळ होतं. ट्विनला आधी दोन्ही थ्रॉटल बॉडी व्हॅक्यूम गेजवर बरोबर करा. एक सिलेंडर लीन आणि एक रिच असेल तर एकत्र पाईपमधला मीटर छान आकडा दाखवतो आणि आत नुकसान चालूच राहतं.

इ२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून एक सवय सर्वांनीच बदलायला हवी. मीटर एएफआर (हवा-पेट्रोलचं वजनी प्रमाण) दाखवतो तो १४.७ धरून. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे इ२० चं बरोबर प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. मीटर लॅम्डावर ठेवा, तो पेट्रोलप्रमाणे बदलत नाही. इ१० च्या काळात केलेले मॅप आज पूर्ण थ्रॉटलला चार टक्क्यांच्या आसपास लीन चालतात. आमच्याकडे तेव्हा ट्यून झालेल्या गाड्या परत आणा, त्या तपासणीचे पैसे घेत नाही.

कार्बेटरच्या बुलेट आणि थंडरबर्डवाल्यांसाठी थोडक्यात: पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट, पाव ते पाऊण सुई, वर मेन जेट. क्लिप एक खाच खाली केली की सुई वर येते आणि गाडी रिच होते. मेन जेट एकावेळी एकच नंबर बदला. लडाखला जात असाल तर एक लहान मेन जेट आणि पायलटचा स्क्रू-ड्रायव्हर सोबत ठेवा, वर हवा विरळ असते, गाडी रिच होऊन दम तोडते.

काम करून घ्यायचं असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, टाकी अर्धी भरलेली, तुम्ही रोज भरता त्याच पंपाचं पेट्रोल. सकाळी सर्वात आधी व्हॉल्व्हचा गॅप फीलर गेजने मोजतो, आणि तो रात्रभर थंड झालेल्या इंजिनवरच खरा येतो.