सात दिवसांत पुन्हा अकरा राणीघरं, आणि शेवटी राणीच हलवली

मागच्या अपडेटला लिहिलं होतं की माझ्या मधमाश्यांच्या पेटीवर दुसरा सुपर (मध साठवायचा वरचा मजला) चढवलाय, आता जागा भरपूर झाली, पेटी शांत होईल. नाही झाली. गेल्या रविवारी सगळी राणीघरं, म्हणजे माश्या नवी राणी वाढवायला बांधतात ती मोठी घरं, मोडली होती आणि आज सातव्या दिवशी उघडून बघतो तर फ्रेमांच्या खालच्या कडेला पुन्हा अकरा, आणि त्यातलं एक चक्क सील झालेलं, मेणाने बंद! काळजात धस्स झालं कारण पहिलं घर सील झालं आणि हवा चांगली असली की जुनी राणी अर्ध्याहून जास्त माश्या घेऊन पेटी सोडून उडून जाते.

अंडं घातल्यापासून राणीघर सील व्हायला साधारण आठ दिवस लागतात, म्हणजे हे घर बहुतेक गेल्या रविवारीही तिथे होतं आणि माझ्या नजरेतून सुटलं होतं. फ्रेमच्या कोपऱ्यात माश्यांचा घोस लटकलेला असतो ना, त्याच्या मागे. माश्या न झाडता नुसतं वरवर बघितलं की हेच होतं, त्यामुळे आता एक नियम केलाय, प्रत्येक फ्रेमवरच्या माश्या मऊ ब्रशने बाजूला केल्याशिवाय फ्रेम परत ठेवायची नाही. जे घर ठेवायचंय ती फ्रेम मात्र झटकायची नाही हं, आतली अळी दुखावते.

खरं कारण पण आज दिसलं. सुपर अर्धा रिकामा, आणि खाली ब्रूडच्या (अंडी-अळ्यांच्या) मधोमध रिकाम्या झालेल्या घरांत माश्यांनी मकरंद भरून ठेवलेला, मग राणीने अंडी घालायची कुठे? वर कितीही मजले चढवा, खाली अंड्यांना जागा नसेल तर उपयोग शून्य. यात माझं प्लास्टिकचं क्वीन एक्सक्लुडर (राणीला वरच्या सुपरमध्ये जाऊ न देणारी जाळी) पण दोषी आहे असं मला वाटतं, मधे वाकलंय आणि माश्यांनी ते मेणाने लिंपून टाकलंय. तारेचंच घ्या, सरळ राहतं आणि साफही पटकन होतं.

पुढचा तास राणी शोधण्यात गेला. दोनतीन फ्रेमांवर पोळ्याच्या घरांच्या तळाला नुकतीच घातलेली, उभी अंडी दिसली, म्हणजे काल-आजपर्यंत ती आत होती, पण पहिल्या फेरीत काही सापडेना. धूर जास्त झाला की राणी पळत सुटते म्हणून स्मोकर बाजूला ठेवला, झाकण लावून वीस मिनिटं थांबलो, पुन्हा सुरुवात केली आणि शेवटून दुसऱ्या फ्रेमवर बाई दिसल्या!! पोट बारीक झालेलं, म्हणजे माश्यांनी खाऊ घालणं कमी करून तिला उडण्यासाठी तयार केलेलं. इतका आनंद मला पहिला मध काढतानाही झाला नव्हता.

तयारी खरं तर डेमरी पद्धतीची केली होती, राणी खाली, मधे एक्सक्लुडर आणि सुपर, ब्रूड सगळ्यात वर. १८९२ ची पद्धत आहे आणि वेळेत केली तर सुंदर चालते, पण एक घर सील आणि राणी बारीक झालेली असताना मला धीर होईना. मग तिथल्या तिथे बेत बदलला. राणीला तीन फ्रेमांसकट नव्या पेटीत हलवलं, एक राणीघर नसलेली सील ब्रूडची, एक मध-परागाची, एक रिकाम्या बांधलेल्या पोळ्याची, आणि वर अजून दोन फ्रेमांच्या माश्या झटकल्या कारण बाहेर फिरणाऱ्या माश्या जुन्या जागीच परत जाणार.

जुन्या पेटीत एकच उघडं घर ठेवलंय ज्यात दुधासारख्या पांढऱ्या खाद्यात तरंगणारी अळी डोळ्यांनी दिसतेय, फ्रेमच्या वरच्या पट्टीला पिन टोचून खूण केलीय. सील असलेलं मोडलं, आत जिवंत आहे की नाही ते बाहेरून कळत नाही.

फक्त दुसऱ्या एका फ्रेमवरची दोन उघडी घरं मोडायला हात धजावला नाही, ती तशीच आहेत. आणि आत्ता लिहिता लिहिता सुचतंय की ती फ्रेम मूठभर माश्यांसकट छोट्या पेटीत टाकली तर? नवी राणी मिलनाच्या उड्डाणातून परत आलीच नाही तर हाताशी दुसरी असेल. उद्या सकाळी तेच करतो. मग सहाव्या दिवशी जुनी पेटी पुन्हा तपासायची, कारण उरलेल्या कोवळ्या अळ्यांवर माश्या नक्की नवीन घरं बांधतील, ती सगळी मोडायची, आणि त्यानंतर तीनेक आठवडे झाकणाला हात लावायचा नाही.