फुटलेला धुरा आणि न छापलेला नियम

यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी मी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा असतो आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर चारच संगणक चालतात, म्हणून तेव्हा मी अभ्यासक्रमाबाहेरचे काही करायला घेतो. ‘हे परीक्षेत येत नाही’ असे सांगणारे सहकारी त्या वेळी चहाला गेलेले असतात.

त्या दिवशी आम्ही व्हरेला, मातुराना आणि उरिबे या चिलीतील संशोधकांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेले, सजीव पेशी स्वतःला कशी घडवते आणि टिकवते हे दाखवणारे साधे प्रारूप संगणकावर उभे करत होतो. चौकटींच्या पटावर एक उत्प्रेरक असतो. त्याच्यापाशी आलेल्या कच्च्या मालाच्या दोन कणांची एक कडी होते, कड्या एकमेकींना जुळून उत्प्रेरकाभोवती पडदा तयार होतो, आणि यातली कोणतीही कडी केव्हाही विरून पुन्हा दोन कण होऊ शकते. पडद्यातून कच्चा माल आरपार जातो, पण सुट्या कड्या आणि उत्प्रेरक आत अडतात; त्यामुळे पडदा फुटला की आत भटकणारी एखादी सुटी कडी फुटीपाशी पोहोचून ती बुजवते. पडदा आतल्या घडामोडींतून घडतो आणि त्या घडामोडी पडद्यामुळेच टिकतात.

आमची फूट मात्र बुजेना. दोन तास मी यादृच्छिक संख्यांवर, शेजारच्या चौकटी मोजण्याच्या पद्धतीवर आणि शेवटी मुलांच्या टंकलेखनावर संशय घेतला, जो अन्यायच होता. मग कोपऱ्यातल्या संगणकावरची विद्यार्थिनी, जिच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, पावसाळ्यात हमखास फुटतो, म्हणाली, “सर, हे सारे आतच एकमेकाले चिकटून बसले, मंग फूट बुजवाले रिकामं कोन रायलं?”

नेमके तेच घडत होते. साखळीत दोन्ही बाजूंनी जोडलेल्या कडीला लागून असलेल्या सुट्या कडीने कोणाशीही जोड करू नये, हा नियम मूळ प्रोग्रॅममध्ये होता, पण छापील वर्णनातून राहून गेला होता. ही गोष्ट मॅकमलिन आणि व्हरेला यांनी १९९७ साली दाखवून दिली. तो लेख मी पूर्वी वाचला होता आणि साफ विसरलो होतो, तर हिने नुसते संगणकाकडे पाहून तो दोष शोधला.

नियम घातल्यावर तिसऱ्या खेपेला फूट बुजली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, तिने मात्र विचारले, “मंग त्याले समजलं का सर, का आपन फुटलो?”

कड्या आंधळेपणाने भटकतात, म्हणून त्याला काही समजले नाही, असे मी चटकन सांगून टाकले. पण स्वतःला टिकवत जगणे हेच जाणणे, असे मातुराना आणि व्हरेला म्हणतात, हे मीच तासाभरापूर्वी फळ्यावर लिहिले होते आणि ते अजून पुसलेले नव्हते. तिने फळ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि वेचणीला उशीर होतो म्हणून दप्तर उचलले.