एका वर्षाभोवतीचे वर्तुळ

पुणे, ३० एप्रिल

अर्थशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्तीला महिना उरला असून खोली ३१ मेपर्यंत मोकळी करून द्यावयाची आहे, म्हणून आज कपाट आवरायला घेतले. रद्दीचे गठ्ठे दाराशी रचून झाल्यावर तळाच्या कप्प्यातून पीएच.डी.च्या दिवसांतले संगणकी कागदाचे भेंडोळे निघाले: दोन्ही कडांना भोके, शाई विटलेली आणि एका पानावर १९७३-७४ या वर्षाभोवती लाल पेन्सिलीने काढलेले वर्तुळ. ते वर्तुळ माझ्या मार्गदर्शकांचे.

माझा विषय होता अहमदनगर आणि सोलापूर जिल्ह्यांतील ज्वारीचा पेरा व आदल्या वर्षीचा भाव यांचा संबंध. मार्क नर्लोव्ह या अर्थशास्त्रज्ञांचे १९५८ सालचे प्रतिमान तेव्हा आम्हा सर्वांच्या तोंडी असे. शेतकरी मागच्या भावांवरून अपेक्षा बांधतो आणि पेरा एकदम न बदलता टप्प्याटप्प्याने त्या अपेक्षेकडे नेतो, असे ते सांगते. गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात महिनोन्‌महिने बसून मी हंगाम व पीक अहवालांतले आकडे वहीत उतरवले होते. भावाचा गुणांक धन आला, म्हणजे भाव चढला की पुढचा पेरा वाढतो असे निघाले; संबंध निव्वळ योगायोगाचा नसल्याची खूण मानले जाणारे टी-मूल्यही भरघोस आले, आणि कोरडवाहू शेतकरीही बाजाराला कसा चोख प्रतिसाद देतो यावर मी अकरा पाने मोठ्या उत्साहाने लिहून काढली.

सरांनी ती वाचली, वर्तुळ काढले आणि एवढेच विचारले, “अहो, त्या वर्षी लोकांनी भाव बघून पेरलं का?”

उत्तर मला ग्रंथालयात शोधावे लागणार नव्हते. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो, आमचे गाव पाथर्डी तालुक्यातले, आणि आई रोज खडी फोडायला जात असे. रानात पेरा नव्हता कारण ओल नव्हती; ज्वारीचा भाव चढला तो त्यामुळे. पुढच्या वर्षी पाऊस परतला आणि लोकांनी पेरले. माझ्या समीकरणाला मात्र आदल्या वर्षीचा चढा भाव आणि या वर्षीचा वाढलेला पेरा एवढेच दिसत होते, कारण पाऊस मी त्यात घातलाच नव्हता. ते एक वर्ष वगळून पुन्हा गणित केले तेव्हा गुणांक निम्म्याहून खाली आला. पर्जन्यमान घातल्यावर उरलेलाही डळमळला. प्रबंध दीड वर्ष लांबला. लाज वाटली ती लांबल्याची नव्हे. जे डोळ्यांनी पाहिले होते ते आकड्यांच्या रकान्यात मला ओळखता आले नाही, याची.

पुढली पस्तीस वर्षे शिकवले ते बहुतेक याच भोवतालचे. बढत्या, समित्या, अभ्यासमंडळाच्या बैठका यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. वर्गातला एक प्रयोग मात्र मी कधी चुकवला नाही. दोन विद्यार्थ्यांनी पन्नास-पन्नास वेळा नाणे उडवायचे, छापाला अधिक एक, काट्याला उणे एक धरून बेरीज पुढे नेत जायचे आणि त्या दोन बेरजांचे एकमेकींवर रिग्रेशन करायचे, म्हणजे एकीवरून दुसरीचा अंदाज देणारे समीकरण बसवायचे. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या त्या नाण्यांमध्ये पुष्कळदा ‘ठळक’ संबंध निघे आणि वर्ग हसे. मग मी सांगत असे की संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी अशा निरर्थक सहसंबंधांबद्दल १९२६ सालीच बजावले होते, आणि अर्थमितीतले ग्रेंजर व न्यूबोल्ड यांनी १९७४ साली सावधगिरीची खूण दिली ती अशी: आर-स्क्वेअर (समीकरण आकड्यांशी किती जुळते त्याचे माप) जर डर्बिन-वॉटसनपेक्षा (लागोपाठच्या चुका एकमेकींशी किती जोडलेल्या आहेत ते तपासणारा आकडा) मोठा असेल तर संशय घ्यावा. ही खूण परीक्षेत सगळ्यांना आठवते, स्वतःच्या प्रबंधात फार थोड्यांना.

आकडा तयार कसा झाला हे विचारण्याची सवय लावणे त्याहून कठीण गेले. घरोघरच्या खर्चाची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या फेरीत अन्नावरील खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा एकाच पत्रिकेत शेजारीशेजारी विचारला गेला. एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली आणि दारिद्र्य खरोखर किती घटले यावर अर्थशास्त्रज्ञ पुढे कित्येक वर्षे भांडत राहिले. हे सांगू लागलो की मागच्या बाकांवर हळूच मोबाइल निघत. प्रश्नावलीत कोणाला रस असणार?

संध्याकाळी माझ्या शेवटच्या विद्यार्थ्याचे प्रकरण वाचायला घेतले. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो) आणि मोटारींची विक्री, तिमाही आकडे. व्याज उतरले की विक्री घटते, असे उलटे चिन्ह त्याला मिळाले आहे, आणि ग्राहक दरकपातीला मंदीची चाहूल समजून हात आखडता घेतो, असे त्याचे स्पष्टीकरण त्याने चार पाने सुबकपणे मांडले आहे. २०२० च्या मार्च आणि मे महिन्यांत रिझर्व्ह बँकेने दर ५.१५ वरून ४ टक्क्यांवर आणला. त्याच एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे कारखाने आणि शोरूम दोन्ही बंद होते.

लाल पेन्सिल घरात सापडली नाही, नातीच्या दप्तरातून घेतली. तो उद्या साडेदहाला येणार आहे. भेंडोळे रद्दीतून काढून टेबलावर ठेवले आहे.