उचल, थांब, ढील

घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण 30 किलोंचा असतो. गिरगावातल्या आमच्या चाळीत तो पोचवणारा माणूस सिलिंडर खांद्यावर टाकून तीन जिने चढून येई आणि दारात टेकवताना नुसते ‘हुश्श’ म्हणे. आमच्या डिंगीचे, म्हणजे नावेसोबतच्या लहान रबरी होडीचे, मागच्या कडेला बाहेरून अडकवायचे आउटबोर्ड इंजिन त्याहून थोडे हलकेच, 27 किलोंचे आहे. तरीही ते शिडाच्या नावेवरून डिंगीवर उतरवायला आम्हा नवरा-बायकोला चांगली दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात आम्ही दुसऱ्या कुठल्याही विषयावर एक अक्षर बोलत नाही. याचे कारण वजन हे नव्हेच. चाळीचा जिना हलत नसे; इथे ज्यावरून उचलायचे तेही हलते, ज्यावर ठेवायचे तेही हलते, आणि दोघांचा ताल कधी एक नसतो.

नाव 32 फुटी आहे, वयाने चाळिशीच्या आगेमागे आहे, आणि अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, चेसापीक उपसागराच्या पश्चिम काठावरच्या एका लहानशा खाडीत तिचा मुक्काम असतो. हा उपसागर सुमारे 200 मैल लांब असला, तरी त्याची सरासरी खोली जेमतेम 21 फूट आहे आणि तळाशी मऊ चिखल आहे. साहजिकच शिडाची नाव काठापर्यंत नेता येत नाही. बऱ्याच अंतरावर नांगर टाकायचा, आणि गावात फिरायला, बर्फ आणायला किंवा नुसते पाय मोकळे करायला रबरी डिंगीने जायचे, असा इथला रिवाज आहे. ‘डिंगी’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडच्या हिंदी-बंगाली बोलणाऱ्या नावाड्यांकडून उचलला आणि जगभर फिरवला. त्यामुळे इथल्या शेजारच्या नावेवरचे आजोबा जेव्हा मला डिंगी म्हणजे काय ते समजावून सांगू लागले, तेव्हा मी अतिशय नम्रपणे ऐकून घेतले.

इंजिन डिंगीवरच कायमचे का ठेवत नाही, असा प्रश्न पाहुणे हमखास विचारतात. बंदरात असताना ठेवतोच. पण नाव चालू लागली की डिंगी मागे दोरीने ओढत न्यायची असते, आणि रिकाम्या रबरी डिंगीच्या शेपटाला 27 किलोंचे ओझे टांगले की तिचा तोल बिघडतो. मागून लाटा आल्या की ती घसरत येऊन नावेच्या पाठीवर आदळते, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी इथे जी अचानक वादळे उठतात, त्यांतल्या एखाद्या झोतात ती सरळ उलटी होऊ शकते. उलटी झाली की इंजिन खाऱ्या पाण्यात डोक्यावर उभे. म्हणून निघण्यापूर्वी ते वर घ्यायचे, नावेच्या मागच्या कठड्यावर एक लाकडी फळी बसवलेली आहे तिच्यावर दोन स्क्रूंनी आवळायचे, आणि पोचल्यावर पुन्हा खाली द्यायचे.

दुसरा प्रश्न असतो तो म्हणजे, याहून लहान इंजिन का घेतले नाही. हा प्रश्न मीही विचारत आले आहे. अडीच हॉर्सपॉवरचे इंजिन 14 किलोंच्या आसपास भरते आणि एका हाताने उचलता येते. आमचे 6 हॉर्सपॉवरचे आहे. वारा आणि ओहोटी दोन्ही विरुद्ध असताना, दोन माणसे, पाण्याचे कॅन आणि बर्फाची पिशवी घेऊन परतायचे झाले तर अडीच पुरत नाही, असे नवऱ्याचे म्हणणे आहे. असा प्रसंग आमच्यावर सात वर्षांत दोनदा आला. उरलेल्या सगळ्या वेळी आम्ही ते जादा 13 किलो निष्ठेने वर-खाली करीत आलो आहोत.

या यंत्राचा इतिहास वाचला तेव्हा मला थोडे समाधान वाटले. नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकीला स्थायिक झालेले ओल एव्हिन्रूड यांनी 1909 साली आउटबोर्ड इंजिन बाजारात आणले. त्यामागची गोष्ट अशी सांगतात, की बेस नावाच्या त्यांच्या भावी पत्नीला तळ्याकाठच्या सहलीत आइस्क्रीम खावेसे वाटले, ते आणायला हे गृहस्थ वल्ही मारीत पलीकडच्या काठाला गेले, आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचे पाणी झाले. वल्ही फेकून द्या आणि आमचे इंजिन घ्या, अशा अर्थाची जाहिरात पुढे बेसबाईंनीच लिहिली. त्या पहिल्या इंजिनाची ताकद होती दीड हॉर्सपॉवर आणि वजन 62 पौंड, म्हणजे 28 किलो. शंभरहून अधिक वर्षांत ताकद चौपट झाली आणि वजन एका किलोने उतरले. 1914 साली एव्हिन्रूड यांनी पत्नीच्या आजारपणामुळे धंद्यातला आपला वाटा विकला आणि काही वर्षांनी अॅल्युमिनियमचे हलके इंजिन घेऊन ते परतले, तेव्हा त्यांनी त्याच्या नावातच ‘लाइट’ हा शब्द घातला. हे घालायला बेसबाईंनीच लावले असणार, अशी मला दाट शंका आहे.

आता प्रत्यक्ष कृती. डिंगी नावेला पुढून आणि मागून अशा दोन आखूड दोऱ्यांनी बांधून नवरा तिच्यात उतरतो आणि मी वर कॉकपिटमध्ये, म्हणजे नावेच्या मागच्या खोलगट बैठकीत राहते. मुख्य शिडाच्या तळाचा आडवा दांडा, म्हणजे बूम, बाहेरच्या बाजूला वळवून दोऱ्यांनी पक्के करायचे आणि त्याच्या टोकाला कप्प्यांची जोडी टांगायची. दोर त्यांच्यातून चार पदरांनी फिरतो, म्हणून 27 किलोंचा भार माझ्या हाताला सात किलोंचा लागतो. कप्प्यांचे घर्षण धरले तर आठ-नऊ म्हणू. मात्र जे वजनात सुटते ते लांबीत भरावे लागते. इंजिन पाच फूट वर यायचे तर मला दोर वीस फूट ओढावा लागतो, आणि तो ओला, शेवाळाचा वास येणारा दोर माझ्या पायांभोवती वेटोळी घालीत साचत जातो. राजा हीरोच्या नगरात आर्किमिडीज याने अशाच कप्प्यांच्या जोरावर भरलेले जहाज एकट्याने ओढून दाखवले, असे प्लुटार्क लिहितो. त्या जहाजाने तळ सोडून अधांतरी लोंबकळायचे नव्हते, एवढाच फरक.

इंजिनाच्या डोक्याभोवती नायलॉनच्या रुंद पट्ट्यांचा साज चढवायचा, त्याची वरची कडी कप्पीच्या आकड्यात अडकवायची, आणि स्क्रूला हात लावण्याआधी आणखी एक दोरी इंजिनाला व नावेला बांधायची. हिला काहीही उचलायचे नसते. सगळे हातातून सुटले तर इंजिन तळाला जाऊ नये, एवढ्यासाठीच ती असते. नवरा मालवणचा असल्यामुळे तिला ‘राखण’ म्हणतो. तिकडे दांडीच्या किनाऱ्यावर मी पाहिले आहे, की होडी वाळूला लागली की तांडेलाचा मुलगा इंजिन काढतो, खांद्यावर घेतो आणि गुडघाभर पाण्यातून गप्पा मारत माडांच्या सावलीत निघून जातो. कप्पी नाही, पट्टा नाही आणि राखणही नाही. पण त्याच्या पायाखाली वाळू असते, हे मी नवऱ्याला दरवेळी सांगते.

स्क्रू सैल केले की इंजिन कुणाचेच राहत नाही. नावेने सोडलेले असते आणि डिंगीने घेतलेले नसते. पट्ट्यांत ते सावकाश स्वतःभोवती फिरते, पंख्याची पाती नवऱ्याच्या चष्म्याच्या उंचीवरून जातात, आणि नेमक्या याच वेळी अर्ध्या मैलावरून एखादी मोटरबोट भरधाव जाते. तिची लाट यायला काही मिनिटे लागतात. ती येताना दिसत असते, आणि तिला थांबा म्हणता येत नाही.

पहिल्याच वर्षी अशीच एक लाट आली तेव्हा नवरा खालून ओरडला, “अगं, सोड!” मी सोडले. त्याला दोर वीतभर सैल हवा होता. मी हातातून पूर्ण सोडून दिला. चार पदरांच्या घर्षणामुळे इंजिन कोसळले नाही, पण दीड फूट खाली येऊन ते त्याच्या मांडीवर बसले. पट्टा हँडलच्या खालून गेलेला असल्याने ते बसले तेही डोके खाली आणि पाय वर करून. फोर-स्ट्रोक इंजिनाला हे मुळीच मानवत नाही. तेल आपली जागा सोडून सिलिंडरमध्ये उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा वेळा दोरी खेचूनही ते हूं की चूं करेना, आणि प्लग काढून पुसल्यावर एकदाचे सुरू झाले तेव्हा पांढऱ्या-निळ्या धुराने सगळे बंदर भरले. मांडीवरचा काळानिळा डाग तीन आठवडे टिकला. “तूच तर म्हणालास सोड,” हे माझे वाक्य त्याहून जास्त टिकले.

नंतर शांतपणे विचार केल्यावर लक्षात आले, की दोष आमच्यापेक्षा त्या क्रियापदाचा होता. मराठीत हात सोडतात, नोकरी सोडतात, दारू सोडतात, विषय सोडतात आणि पाणीही सोडतात. यांतले किती पूर्ण आणि किती थोडे, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे असते. इंग्रज खलाशांनी सैल करण्याला, धरून ठेवण्याला आणि मोकळे करण्याला वेगवेगळे शब्द कधीच ठरवून टाकले होते. ते आम्ही आठवडाभर वापरून पाहिले, पण घाईच्या क्षणी तोंडात मराठीच येई. शेवटी मला गिरगावची गच्ची आठवली. संक्रांतीच्या सुमारास भाऊ पतंग उडवी आणि मी फिरकी धरून उभी असे. तिथे ‘सोड’ असे कधीच कुणी म्हणत नसे. ‘ढील दे’ म्हटले की मांजा हळूहळू, ताण न तुटू देता द्यायचा, हे सहा वर्षांच्या मुलीलाही कळत होते. तेव्हापासून आमचे तीनच शब्द ठरले आहेत: उचल, थांब आणि ढील. खालच्याने बोलायचे, वरच्याने करायचे, आणि वरच्याने उलट प्रश्न विचारायचा नाही. ही शेवटची अट मी जेवढा वेळ इंजिन हवेत असते तेवढ्यापुरतीच मान्य केली आहे.

आमचा आवडता नांगर सेंट मायकल्स गावाबाहेर, माइल्स नदीत पडतो. जागा उघडी आहे, मोटरबोटींची वर्दळ आहे, म्हणजे इंजिन उतरवायला याहून वाईट ठिकाण शोधून सापडायचे नाही. पण समोरच्या धक्क्यावर सागरी संग्रहालय आहे आणि त्याच्या अंगणात हूपर स्ट्रेटचे दीपगृह उभे आहे. 1879 साली दक्षिणेकडच्या एका सामुद्रधुनीत लोखंडी खांबांवर उभारलेले हे लाकडी घर 1966 साली मधोमध आडवे कापले, तराफ्यावर चढवले आणि पाण्यावरून इथे आणून पुन्हा जोडले. अख्खे दीपगृह! खाली नवरा इंजिनाची पकड डिंगीच्या फळीवर बसवण्यासाठी इंच-इंच सरकवत असतो, ‘ढील… ढील… थांब’ असे म्हणत असतो, आणि मी दोर हाताला वेढून त्या दीपगृहाकडे पाहत असते. ते उचलताना तिथे ‘थांब’ म्हणणारा एकच माणूस असेल, की सगळेच म्हणत असतील?

पकड बसली, दोन्ही स्क्रू आवळले, पट्टा सुटला, की सर्वांत शेवटी राखण सोडायची. इंजिन चालू केले की त्याच्या कुशीतून पाण्याची बारीक धार बाहेर पडते. ती दिसली म्हणजे थंडाव्याचे पाणी फिरते आहे. मग आम्ही पुन्हा माणसांत येतो आणि गावात काय खायचे याची चर्चा सुरू होते.

परतताना मात्र आणखी एक सोहळा असतो. वर घ्यायच्या इंजिनात पेट्रोल उरू नये, आडवे झाल्यावर ते गळू नये, म्हणून नावेजवळ येता येता नवरा पेट्रोलची चावी बंद करतो आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या थेंबांवर डिंगी नेतो. ते थेंब नावेला हात लागण्याच्या क्षणी संपावेत, अशी त्याची महत्त्वाकांक्षा आहे. गेल्या शनिवारी अंधार पडत होता, पायाशी बर्फाची पिशवी पाझरत होती, आणि नाव पन्नास-साठ फुटांवर असताना इंजिनाने दोन उचक्या देऊन मान टाकली. ओहोटी आम्हाला मागे नेऊ लागली. नवऱ्याने काही न बोलता बाकाखालून वल्ही काढली, आणि मी त्याच्याकडे पाठ करून इंजिनाच्या डोक्याभोवती पट्टा चढवायला घेतला, हँडलच्या वरून.