डावा कान

दुसरा कान आवाजाने न झाकता, म्हणजे मास्किंग न करता काढलेला ऑडिओग्राम (ऐकण्याचा आलेख) हातात आला की मला आधी राग येतो, समोरचा माणूस मग दिसतो. त्या दिवशीही तेच झालं. रागाच्या भरात मी जे बोलून गेले, ते अजून मनातून जात नाही.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांच्या भाषेत, कान तपासून कानाचं मशीन बसवणारी. (कुणाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलून लिहिते आहे.)

काका 74 वर्षांचे, सोबत काकू. लग्नाला 46 वर्षं झालेली. तक्रार काकूंची होती: ‘‘तीन वर्षांपूर्वी मशीन घेतलं, हे घालतच नाहीत. आणि आता तर माझं बोलणंही यांना नीट कळत नाही.’’ काका गप्प. अशी जोडपी माझ्याकडे नेहमी येतात. नवरा म्हणतो ही पुटपुटते, बायको म्हणते हे लक्ष देत नाहीत, आणि बहुतेकदा दोघंही खरंच बोलत असतात. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं. स, श, फ, थ यांची ओळख तिथेच दडलेली असते. स्वर पोचतात, त्यामुळे कुणीतरी बोलतंय एवढं समजतं. काय बोलतंय ते समजत नाही. बायकांचा आवाज मुळातच वरचा, म्हणून आधी घरातलंच बोलणं निसटायला लागतं. हे नीट समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. आमच्या धंद्यात मशीन विकायला तासभर देणारे पुष्कळ आहेत, ही दहा मिनिटं देणारे थोडे.

काकांचं जुनं मशीन कॉम्प्युटरला जोडलं. रोज किती वेळ वापरलं याची नोंद मशीनमध्येच राहते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दिवसाला सरासरी 20 मिनिटं. मशीन डाव्या कानाचं होतं. मग जुना रिपोर्ट पाहिला. उजवा कान तेव्हा बराचसा चांगला, डाव्यात 75 ते 85 डेसिबलचा दोष. दोन्ही रेषा एकमेकींना समांतर, जणू एकच रेषा कुणी दोनदा काढली आहे, एक वर आणि एक खाली.

तिथेच माझं डोकं फिरलं. एका कानाला हेडफोनमधून मोठा आवाज दिला की तो कवटीतून पलीकडच्या कानापर्यंत जातो. साधारण 40 डेसिबलच्या पुढे ही शक्यता धरावीच लागते. डावा कान पूर्ण मेलेला असला तरी पेशंट बटण दाबतो, कारण उजव्याने ऐकलेलं असतं. आलेखावर उमटते ती उजव्या कानाची सावली. आम्ही तिला शॅडो कर्व्हच म्हणतो. ती टाळायची तर चांगल्या कानात खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवायचं आणि मग दुसऱ्याला विचारायचं. हेच मास्किंग. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही हे शिकवतात. ज्यांनी तो रिपोर्ट काढला, त्यांनी केलं नाही, आणि एका मेलेल्या कानाला महागडं मशीन लावून दिलं.

मी काकांना आवाजबंद बूथमध्ये बसवलं. उजव्या कानात खरखर सुरू केली, डाव्यात सूर. खरखर 10 डेसिबलने वाढवली की डाव्याचा प्रतिसाद 10 डेसिबलने सरकायचा. पुन्हा वाढवली, पुन्हा सरकला. खरोखर जिवंत असलेला कान एका जागी थांबतो. खरखर वाढवली तरी उत्तर बदलत नाही. हा कुठेच थांबेना. शेवटी ऑडिओमीटरची, म्हणजे सूर देणाऱ्या यंत्राची, मर्यादा संपली. डाव्या कानाच्या प्रत्येक खुणेखाली मी बाण काढला. बाणाचा अर्थ, प्रतिसाद नाही. उजवा कानही वयाने उतरला होता, वरच्या पट्टीत 60 डेसिबलपर्यंत. म्हणजे ज्या एका कानावर या माणसाचं सगळं चाललं होतं, तोही चालला होता.

बूथचं दार उघडून मी दोघांच्या समोर म्हणाले, ‘‘काका, हा डावा कान म्हातारपणाने गेलेला नाही. हा लहानपणापासूनच बंद असणार. गालगुंड झाले होते का?’’

गालगुंडाने एक कान एकाएकी कायमचा जाऊ शकतो, आणि मूल लहान असेल तर घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. माझा अंदाज बरोबर होता. प्रश्न विचारायची जागा चुकली होती. काकांचा चेहरा पडला. ते माझ्याकडे बघत नव्हते, काकूंकडेही नाही.

‘‘आठव्या वर्षी,’’ ते म्हणाले. ‘‘मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हाही नाही.’’

पेशंटची माहिती पेशंटची असते, नवराबायको असले तरी. हे मी शिकाऊ मुलींना दर वर्षी बजावते. आणि रिपोर्ट कुणी चुकवला हे सिद्ध करण्याच्या नादात मीच एका माणसाचं 46 वर्षं जपलेलं गुपित त्याच्या बायकोसमोर टाकलं होतं.

काकू म्हणाल्या, ‘‘मला माहीत आहे.’’

लग्नाच्या पहिल्याच महिन्यात त्यांच्या लक्षात आलं होतं. अंधारात डावीकडून हळूच हाक मारली तर उत्तर नाही, उजवीकडून मारली तर आहे. तीन-चारदा करून बघितलं. तेव्हापासून चालताना त्या उजवीकडे. दुसऱ्या खोलीतून हाक आली की नुसतं ‘ओ’ न म्हणता ‘मी इकडे, मागच्या खोलीत’ असं म्हणायच्या. आवाज कुठून आला हे ओळखायला दोन कान लागतात, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. माझ्या खोलीत आल्यावरही त्यांनी आधी खुर्ची सरकवून उजवी बाजू धरली होती. मी ते पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ लावला नव्हता.

‘‘मग बोलली का नाहीस?’’ काकांनी विचारलं.

‘‘तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मग थांबायची सवय झाली.’’

काका फोन कायम उजव्या कानाला धरायचे, मग लिहायला तो हात मोकळा नसायचा. निरोप काकू लिहून घ्यायच्या. मुलं तान्ही असताना काका उजव्या कुशीवर, म्हणजे ऐकता कान उशीत घालून झोपायचे, आणि रात्रीचं रडणं त्यांच्यापर्यंत पोचायचंच नाही. सगळ्या रात्री काकूंच्या. सासरची माणसं काकांना बेफिकीर म्हणायची तेव्हाही त्या गप्प राहिल्या. मशीन घेतलं तेव्हाही दोघं गप्प. काकांना ठाऊक होतं त्याचा उपयोग नाही, पण तसं म्हणायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. काकूंना वाटलं, कोण जाणे, या यंत्राने तो कान जागाही होईल.

मग काकू खाली बघून म्हणाल्या, ‘‘रात्री मी यांच्या डाव्या बाजूला असते. त्या कानात मी खूप बोलले आहे. राग आला की बोलायचे, रडू आलं की बोलायचे. सकाळी मोकळी असायचे.’’

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, ‘‘काय बोलायचीस?’’

‘‘ते ऐकवायचं असतं तर उजवीकडे आले असते.’’

माझ्याकडे यावर बोलायला काही नव्हतं, म्हणून मी कामाचं बोलले. असा एक कान बंद आणि दुसरा उतरलेला असेल तर बायक्रॉस नावाची जोडी मिळते. बंद कानावर फक्त मायक्रोफोन बसतो. डावीकडचा आवाज तो बिनतारी पद्धतीने उजव्या कानावरच्या मशीनकडे धाडतो, आणि ते मशीन दोन्हीकडचं वाढवून ऐकवतं. डावा कान त्याने ऐकू लागत नाही, पण डावी बाजू ऐकू येते. काकूंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला: ‘‘झोपताना हे काढून ठेवायचं असतं ना?’’

हो, म्हणाले मी. कानाला हवा लागली पाहिजे, मशीनमधली ओल सुकली पाहिजे.

महिन्याने दोघं तपासणीला आले. काकांचं ऐकणं खूपच सुधारलं होतं. काकू डावीकडे बसल्या होत्या आणि त्यांचं वाक्य काकांना एकदाही पुन्हा विचारावं लागलं नाही. मी मशीन जोडलं. दिवसाला सरासरी 18 तास. पहिल्या भेटीत मी लिहून घेतलं होतं की काका नऊला आडवे होतात आणि पाचला उठतात. जागेपणीचे तास 16च होतात. म्हणजे रोज निदान दोन तास ते अंथरुणात मशीन घालून पडलेले असतात. उजव्या कुशीवर ते शक्यच नाही, उशीत दाबलं की मशीन शिट्टी मारतं. काकांनी कूस बदलली होती.

काकूंना हे माहीत आहे का, त्या आता रात्री बोलतात का, बोलत असतील तर काका ऐकत आहेत हे समजून बोलतात का, यातलं काहीच त्या आकड्यावरून कळत नाही. काकू जवळच बसल्या होत्या. मी स्क्रीन माझ्याकडे वळवली. झोपताना मशीन काढून ठेवावं, हे सगळ्यांना सांगते तसं दोघांना मिळून सांगितलं. काकांनी मान डोलावली. फाइलवर मी लिहिलं, ‘वापर चांगला’.

पुढच्या तपासणीलाही आकडा 18च होता.