शून्य पूर्णांक सात मिलिमीटरचा घोळ

सायकल आली ती एकाच तक्रारीवर. हँडलवरचा लिव्हर दाबून वर बसलं की सीट खाली जाते, उठून पुन्हा दाबला की वर येताना मात्र शेवटच्या तीन सेंटिमीटरला अडकते. मालकाचं मत पक्कं होतं की ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे सीट वर-खाली करणारा तिच्याखालचा दांडा, खराब झाला आहे, आता १५० ऐवजी १७० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तितका वर-खाली होणारा, नवा बसवू.

मी आधी सीट क्लॅम्पचा, म्हणजे पोस्टला फ्रेममध्ये आवळून धरणाऱ्या कड्याचा, बोल्ट अर्धा फेरा सैल केला आणि लिव्हर दाबला. सीट सरळ वरपर्यंत आली, टोकाला ‘टक्’ आवाजही झाला. म्हणजे पोस्ट ठणठणीत होता. ड्रॉपरच्या बाहेरच्या नळीची भिंत पातळ असते. क्लॅम्प जास्त आवळला की ती आत दबते, आतली बुशिंग, म्हणजे दांड्याला सरकू देणारी कडी, त्यालाच धरून ठेवतात आणि सीट रेंगाळते.

पण इतका आवळला कशासाठी? उत्तर पोस्टच्या अंगावरच होतं. खालच्या भागावर आडवे ओरखडे उठलेले, म्हणजे पोस्ट सीट ट्यूबमध्ये, फ्रेमच्या ज्या नळीत तो बसतो तिच्यात, फिरत होता. पोस्टवर ३०.९ मिलिमीटर जाडी छापलेली. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेणारा कॅलिपर, सीट ट्यूबच्या आत दोन दिशांना लावला, दोन्हीकडे ३१.६. हा ०.७ मिलिमीटरचा फरक हाताला कळत नाही, पोस्ट आत सहज सरकतो आणि बरोबर बसला असंच वाटतं. मग सीट फिरते, म्हणून माणूस बोल्ट आवळतो, आवळला की ड्रॉपर अडकतो. ३०.९ वरून ३१.६ करणारी शिम, म्हणजे मधली पातळ नळी, मिळते, पण नवा पोस्ट घ्यायचाच होता, तेव्हा नेमक्या मापाचाच घ्यावा असं मी सांगितलं. फ्रेमवर छापलेल्या आकड्यापेक्षा व्हर्नियरवर विश्वास ठेवावा.

आता १७० चा हट्ट. मालकाच्या नेहमीच्या उंचीला सीटखालच्या रेलच्या (पोस्ट जिला धरतो त्या सळ्यांच्या) मध्यापासून सीट ट्यूबच्या वरच्या काठापर्यंत २०५ मिलिमीटर भरले. निवडलेल्या मॉडेलमध्ये ट्रॅव्हल सोडून कॉलर (बाहेरच्या नळीच्या वरचं कडं) आणि सीट धरणाऱ्या डोक्याची उंची ५० होती. १७० अधिक ५० म्हणजे २२०. पोस्ट पूर्ण आत घातला तरी सीट १५ मिलिमीटर उंचच राहणार आणि पाय ताणले जाणार. १५० चा हिशेब २००, वर ५ मिलिमीटर हातात. ट्रॅव्हलचा मोह सगळ्यांनाच होतो, पण हे एवढं गणित मांडल्याशिवाय पोस्ट घेऊच नये.

खोलीही पाहावी लागते. १५० चा पोस्ट रेलपासून, केबल जोडतात त्या खालच्या यंत्रणेच्या टोकापर्यंत ४३५ होता, त्यातले २०५ वर, २३० आत. खाली केबलला वळायला २५ धरले, एकूण २५५. मी जुना स्पोक घेतला आणि त्याचं वाकडं टोक ट्यूबच्या पुढच्या भिंतीला घासत खाली सोडलं. २७० ला ते बाटलीच्या स्टँडच्या नटावर अडकलं. काम जमत होतं. १७० चा पोस्ट २८० मागत होता, तो इथेही नापास.

फ्रेम आणि पोस्ट दोन्ही ॲल्युमिनियमचे, म्हणून ट्यूबमध्ये ग्रीसचा पातळ थर. कार्बन असता तर ग्रीस नाही, पकड वाढवणारी कार्बन पेस्ट. केबलचं आउटर, म्हणजे बाहेरचं आवरण, खालून वर ओढून यंत्रणेला जोडलं आणि पोस्ट खाली सोडताना दुसऱ्या हाताने पुढच्या भोकातून जादा आउटर तितकंच बाहेर ओढत गेलो. इथे बरेचजण घाई करतात. आउटर आत ढकललं जाऊन वाकतं, इनर, म्हणजे आतली तार, घासत राहते आणि पोस्ट धड सुटतही नाही, धड लॉकही होत नाही. हँडल दोन्ही टोकांना वळवून आउटर ताणलं जात नाही हे पाहूनच ते कापलं. लिव्हरला साधारण एक-दोन मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवली. केबल ताणलेली राहिली तर बसल्यावर सीट हळूहळू खचते, फार सैल असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही काही होत नाही.

क्लॅम्प टॉर्क रेंचने ४ न्यूटन मीटरला आवळला आणि सीटचं नाक धरून जोर लावला. किंचित फिरली. ४.५ ला थांबली. क्लॅम्पवर कमाल ५ छापलेले होते, पण तिथवर जायची गरजच पडली नाही. लिव्हर दाबला, सीट एका दमात वर आली. काठापाशी पोस्टवर खुणेसाठी टेपची पट्टी चिकटवली. पहिल्या फेरीनंतर सायकल परत आली तेव्हा पट्टी जागची हललेली नव्हती.